आईच्या परातीतला कण

अण्णा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायचा तर दोन्ही बाजू मला एकटीलाच सांभाळाव्या लागतात, आणि तरी बहुतेक वेळा तुम्हीच जिंकता. आज वाद नाही. आईला घेऊन आम्ही सोन्याच्या गावाला जाऊन आलो, ते सांगायचंय. इथे जर्मनीत, आमच्या येनाहून सकाळी गाडीने निघालं की जेवणाच्या आत पोचता येतं. थुरिंगियाच्या डोंगरातलं लहानसं गाव, घरांवर पाटीच्या काळ्या दगडाची छपरं. एके काळी इथे खाणीतून सोनं निघायचं. आता खाणीतून फक्त पर्यटक निघतात. कनक, कांचन, हेम, हिरण्य अशी सोन्याची नावं मी आपल्या सोनारीच्या दुकानात तुमच्या शेजारी बसून घोकायचे, तेव्हा तुम्ही फुंकणी बाजूला ठेवून विचारायचात, "यातल्या कुठल्या नावाला भाव जास्त?" त्या प्रश्नाचं उत्तर मला एम.ए. होऊनही देता आलेलं नाही.

आई माझ्याकडे उन्हाळ्यापुरती म्हणून आली आणि तिचं हृदय इथे आल्यावर थकलं. डॉक्टरीणबाई विमानाचं नाव काढलं की "बघू" म्हणतात, आणि इथल्या डॉक्टरांच्या 'बघू'चा अर्थ आपल्याकडच्यासारखाच असतो. आई मात्र रोज दिवा लावला की सुरू करायची, "मला सांगलीला ने. इथे शेवटी माझ्या तोंडात सोन्याचा कण कोण घालणार?" मी म्हणायचे, मी आहे ना. "तू घालशील गं, पण आणशील कुठून?" मी म्हटलं, तुझ्याच बांगडीचा तुकडा काढू. तर तिने असं पाहिलं, जणू मी देवघरात चपला घालून शिरले. "अंगावरचं तोडून चालत नाही. दुसऱ्याने दिलेलं लागतं. ह्यांच्या दुकानात वाढलीस ना तू?"

वाढले खरी. घरात माणूस अखेरच्या घटका मोजायला लागला की लोक तुमच्या दुकानाची पायरी चढायचे. तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घरात असायचं, सोन्याचा कण नसायचा. तुम्ही काही न विचारता केराचा डबा पुढे ओढायचात. तोच डबा, ज्यात दिवसभराचं झाडलेलं सगळं जायचं आणि जो झारेकऱ्याला मिळायचा, तो ते धुऊन त्यातून सोनं काढायचा. दुकानातून बाहेर पडताना आम्हा पोरांनासुद्धा तळपाय झटकावे लागत. मी एकदा तशीच पळाले, तर तुम्ही भर कट्ट्यावरून हाक मारून मला परत आणलंत आणि म्हणालात, "सरस्वती डोक्यात घेऊन जा, लक्ष्मी पायाला लावून नको." सगळ्या सराफकट्ट्याने ऐकलं. तर तुम्ही डब्यात बोट फिरवायचात, आणि दर वेळी एक कण बोटाला लागायचा. "घ्या, केरातच जाणार होता," म्हणायचात. घेणाऱ्याची मान खाली जायची नाही.

तर सोन्याचं गाव. आधी संग्रहालय. काचेआड सोन्याचा एक गोटा, मसुराच्या डाळीएवढा, त्याच्यावर भिंग लावलेलं. आईने वाकून पाहिलं आणि विचारलं, "एवढ्यासाठी अख्खा डोंगर पोखरला?" तुमचे जावई प्रत्येक पाटीचा फोटो काढत होते; घरी येऊन वाचतात म्हणे, मी अजून पाहिलेलं नाही. मग खाण. आईच्या अंबाड्यावर पिवळं हेल्मेट काही बसेना, शेवटी ते तिने पूजेच्या ताटासारखं हातात धरलं आणि वाटाड्याने तिला फक्त तोंडाशी, दिव्याच्या उजेडापर्यंत नेलं. वाटाड्या म्हणजे रबरी बूट घातलेला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. आत शिरताना तो "ग्ल्युक आउफ!" म्हणाला. मी आईला सांगितलं, खाणीत उतरणाऱ्याला असं म्हणतात, सुखरूप वर ये म्हणून. "चांगलं म्हणतात," आई म्हणाली. आणि बाहेर येताना तिने काय करावं? भिंतीला धरून एकेक पाय उचलला आणि बुटांचे तळ झटकले. म्हातारा हसला. इथे आता झटकण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणाला. मी ते भाषांतर केलं नाही.

शेवटी ओढा. तिथे तो सगळ्यांना वाळू धुऊन सोनं शोधायला शिकवतो. आई काठावर स्टुलावर बसली आहे, साडीवर माझं जाड जाकीट, मांडीवर त्याने दिलेली काळी थाळी, जिला ती परात म्हणते. पाणी गार आहे. तांदूळ धुवावेत तशी ती वाळू धुते, वरचं पाणी सोडते, पुन्हा धुते. दम लागतो, थांबते. मी म्हणते, आई पुरे. ती ऐकत नाही. म्हातारा येतो, शेजारी उकिडवा बसतो, "आल्झो, हं, असं नाही, असं," म्हणत परातीत हात घालून वाळू जरा ढवळतो आणि उठतो. आई आणखी एकदा पाणी फिरवते आणि तळाशी पिवळा कण दिसतो. इतका लहान, की मला चष्मा काढून पुसावा लागला. म्हाताऱ्याने तो पाणी भरलेल्या काचेच्या कुपीत घालून दिला. मी त्याचे इतके आभार मानले, की तुमच्या जावयांनी मला कोपराने ढोसलं.

परतीच्या वाटेवर आई कुपी उजेडाकडे धरून बघत होती. मग म्हणाली, "त्याचा अंगठा पाहिलास?"

"कसला अंगठा?"

"नखाखाली धरून आणला होता कण. हे असंच करायचे."

"हे म्हणजे? अण्णा?"

"मग काय! केराच्या डब्यात रोज बोटाला सोनं लागायला ते काय दुकान होतं की कुबेराचं अंगण? चांगल्या तारेचा तुकडा कातरून नखात ठेवायचे. एवढी शिकलीस तू."

मी तरी म्हटलं, "म्हणजे हे ओढ्यातलं नव्हेच. तू शोधलेलं नाहीस."

"म्हणूनच तर," आई म्हणाली. "दिलेलं आहे. दिलेलंच लागतं." आणि कुपी माझ्या हातात ठेवून तिने माझी मूठ मिटली. "नीट ठेव. तिकिटाचं आता राहू दे."

तेव्हापासून दिवा लावल्यावर ती सांगलीचं नाव काढत नाही. मला तळघरातून काही आणायला जाताना पाहिलं की "ग्ल्युक आउफ" म्हणते आणि स्वतःवरच खूश होते. ती माझ्याजवळ राहावी म्हणून मी इतके दिवस झगडले, आणि ती राहते म्हणाल्यावर मीच रोज संध्याकाळी वाट बघते, की आज तरी म्हणेल, मला परत ने. परवा मीच विचारलं, आई, तिकिटं बघू का? "कशाला?" म्हणाली, आणि भाजी निवडत राहिली.

हे पत्र टपालात टाकण्यासारखं नाही, आणि आईला वाचून दाखवण्यासारखं तर त्याहून नाही. घडी करून देव्हाऱ्याच्या खणात ठेवते, कुपी आहे तिथेच. रोज वाती काढायला खण उघडला की ती दिसते. पण अण्णा, तिचं झाकण घट्ट आहे की सैल, हे मी अजून पाहिलेलं नाही.