घारे डोळे कुणाचे

रविवार, लीड्स

दमले आज. लेकीच्या डीएनए टेस्टमध्ये पोलिश रक्त निघालं. इरा हसली, "मम्मा, आता तुझं कोकणस्थपण पुरे!" जन्मभर सांगत आले, आमचे घारे डोळे कोकणस्थांचे.

संध्याकाळी आईला समोर बसवून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "माझी आई महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ असलेल्या पोलिश निर्वासितांच्या छावणीतली. मी तान्ही असताना वारली. माझे वडील, नाना, कोकणस्थ, त्यामुळे माझ्या घाऱ्या डोळ्यांबद्दल कुणी विचारलंच नाही."

मग मी उलटतपासणीच घेतली. बाबांना ठाऊक होतं? माझ्यापासून का लपवलंस?

"सगळं विचारलंस," आई म्हणाली, "तिचं नाव नाही विचारलंस."

खरंच, का नाही विचारलं?

विचारलं. हान्ना. आईने ते इतकं सहज उच्चारलं की मनात रोज घेत असावी.