पाय लागलेलं पुस्तक

अहमदी, कुवेत, गुरुवार, १२ फेब्रुवारी १९८१

आज मीनलला घेऊन अनुशकडे कुवेत शहरात, मिरकाबला चहाला गेले. अनुश आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डातली आर्मेनियन सिस्टर, मूळची बैरूतची. तिच्या खोलीत पुस्तकं जमिनीवरच रचलेली. माझा पाय एका जाडजूड ग्रंथाला लागला आणि सवयीनं मी वाकून नमस्कार केला. मीनल पुटपुटली, "ममा, प्लीज! इट्स ओन्ली अ बुक." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अनुश मात्र हसली नाही. म्हणाली, "आमच्या जुन्या पाद्र्यांना तू आवडली असतीस." मग सांगतच बसली. पूर्वी स्वारी आली की शत्रू माणसांबरोबर हस्तलिखितंही पळवून न्यायचे. मग कुणी सरदार, कुणी साधा गावकरी खंडणी भरून ती सोडवून आणायचा. आणि शेवटच्या पानावर लिहून ठेवायचे, की हे पुस्तक कैदेत होतं, आम्ही सोडवलं. नक्कल करणारा भिक्षूही तिथंच माफी मागायचा: बाहेर बर्फ पडतंय, शाई गोठतेय, चुका पोटात घाला.

केवढी ही माणसं! स्वतःचं राज्य गेलं, तरी पुस्तकं सोडवत राहिली. आणि मला वाटायचं, पुस्तकाला पाय लागला की कळवळणारे जगात आपणच. कसला हा तोरा?

घरी आल्यावर मीनलनं नेहमीसारखं दप्तर पायानंच टेबलाखाली ढकललं. मग थांबली. माझी पाठ आहे असं बघून वाकली, दप्तराला हात लावून तो कपाळाला लावला.

कपाटाच्या काचेत मला सगळं दिसत होतं. तव्यावरची पोळी करपली, पण मी वळले नाही.