नऊ टोप्यांच्या चोची

२ मार्च

चि. ठकीस, आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या वाचनालयातल्या काचेच्या कपाटात माझ्या बेसबॉलच्या टोप्या मांडायच्या, हे वाचून छाती फुगली आणि लगेच धडधडायलाही लागली. मी चौथी शिकलेला, पुस्तकं शिवणारा बाइंडर. टोपी घालायचो ती कामाच्या टेबलावरच्या बल्बचा उजेड पुढच्या चोचीने अडावा, डोळ्यांत येऊ नये म्हणून. कागद पोचवणारे ड्रायव्हर नवी आणून द्यायचे, जुनी मी कधी टाकली नाही. तुझा बाप विचारतो, बेसबॉलचा चेंडू गोल असतो की चौकोनी, ते तरी माहीत आहे का? विचारू दे. खरी काळजी घामाच्या डागांची. शिकलेली माणसं नाकं मुरडतील. म्हणून बारा टोप्या निवडल्यात, त्या उद्या साबणाच्या पाण्यात घालतो.

औषधं घेतो आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझे आजोबा

६ मार्च

ती. आजोबांस, शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तशीच लिहायला बसले. धुऊ नका! जुन्या टोप्यांच्या चोचीत पुठ्ठा असतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि डागच तर हवेत. टोपी दुकानात नाही, डोक्यावर राहिली, हे त्यावरूनच कळतं. कपाट वीस तारखेला भरायचंय. टोप्या आल्या नाहीत तर वाचनालयाच्या प्रमुख, आमच्या मोठ्या बाई, त्यांच्या चिनी मातीच्या मांजरी टपून बसल्यात. बाबांना म्हणावं, चेंडूचं राहू द्या, आधी गेल्या पावसाळ्यात छत्री कुठे विसरलात ते आठवा.

तुमचीच, ठकी

१० मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायला उशीर झाला. नऊ चोची लोंबल्या, आत नुसता लगदा; तीन नव्या, प्लास्टिकच्या चोचीच्या, तेवढ्या वाचल्या. जन्मभर पुठ्ठा हाताळला आणि तो मीच पाण्यात घातला! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याला दुकानात उभं केलं नसतं. दोन दिवस त्या वाळत ठेवल्या. मग अवजारांची पेटी काढली. टाके उसवले, फुटक्या बादलीचं प्लास्टिक कापलं, गरम पाण्यात मऊ करून डब्याभोवती बांधून बाक दिला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवलं. सुईत दोरा तुझ्या बापाने ओवला. तोंड चालू होतंच, पण शेवटच्या टोपीपर्यंत उठला नाही. टाके पांढरे दिसतात. काळा रंग लावू का?

काळजीत, आजोबा

१४ मार्च

ती. आजोबांस, शि. सा. न.

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणतात, ठिगळं लावलेला माल कपाटात शोभणार नाही. धड असलेल्या तीनच टोप्या पाठवा, बाकी जागेत मांजरी बसतील. मी भांडले, पण टोप्या तुमच्या. तीन की बारा, तुम्हीच ठरवा.

रागावू नका, ठकी

१८ मार्च

चि. ठकीस, अनेक आशीर्वाद.

घाई आहे म्हणून हे पत्र ड्रायव्हरच्या हाती धाडतो, उद्या मिळेल. रंग लावला नाही. बाराच्या बारा घेऊन परवा स्वतः येतो. बाराही मांडायच्या नसतील तर एकही नको. तुमच्या वाचनालयाची पुस्तकं वर्षानुवर्षं माझ्याकडे दुरुस्तीला यायची. आता तीही कपाटातून काढायची का, हे बाईंना नम्रपणे विचार. मी शिवलेलं एक पानसुद्धा सुटलेलं नसेल.

तुझ्या बापाने रजा टाकली आहे, खोकं तोच उचलणार.

टोप्यांखाली चिठ्ठी हवी ना? अक्षर तुझं चांगलं आहे, एवढंच लिही: या टोप्या एका बाइंडरने वापरल्या. धुवून बिघडवल्याही त्यानेच, आणि शिवल्याही त्यानेच.

तुझे आजोबा