ह्यांना सिनेमाला नेलं

३ फेब्रुवारी

नवीन खूळ! सिनेमा बघायचाय म्हणे. तोही घरी नाही, थिएटरात जाऊन. टीव्हीवर जाहिरात लागली होती — अंतराळात एकटी बाई, यान फुटलेलं, मागे निळा ग्रह आणि त्याच्याभोवती बर्फाची कडी. हे एकदम ताठ बसले. ऑक्सिजनची नळी नाकातून निसटली तरी भान नाही. "अगं, हे मोठ्या पडद्यावर केवढं दिसेल!"

मी म्हटलं, दोन जिने उतरताना तोंडाला फेस येतो आणि निघाले अंतराळात.

रागावले. धड जेवले नाहीत. मीही समजूत काढायला गेले नाही. जन्मभर काढल्या तेवढ्या पुरे.

४ फेब्रुवारी

लेकीचा फोन. बापाने तिच्याकडे माझी चुगली केली होती, पण डाव उलटला. "आई, बाबांना गर्दीत नेऊ नकोस हं! डॉक्टर काय म्हणाले विसरलीस का?"

विसरेन कशी? ह्यांना हॉस्पिटलातून घरी आणलं त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. फुप्फुसं कामातून गेली आहेत. पुन्हा असा श्वास कोंडला तर परत घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल, आणि त्या खेपेला ती निघेलच असं नाही. लेक तेव्हा शेजारीच उभी होती. आता लांब राहते आणि काळजी फोनवरून करते. बोलू नये असं. पण इथे कोण वाचायला बसलंय!

६ फेब्रुवारी

अजून तेच. मी लाँड्रीतून आले, चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. दिवसभर दुसऱ्यांच्या कोटांची अस्तरं शिवून मान अवघडली होती. हे खिडकीशी बसलेले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आयुष्यभर काळ्या काचेतून ठिणगी बघितली. एकदा काहीतरी मोठं बघू दे की."

वेल्डिंगचा धूर छातीत साठवून साठवून या माणसाने घर चालवलं. मास्क लावा म्हणून मी किती घसा कोरडा केला! मास्कने काम दिसत नाही, म्हणायचे.

हो म्हणून बसले. आता माघार नाही.

९ फेब्रुवारी

बाहेर न्यायचे दोन लहान सिलिंडर आले. ह्यांनी बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघितले, आंबे पारखल्यासारखे. मग स्वारी खुशीत. "आधी मी सिलिंडर ओढायचो, आता सिलिंडर मला ओढतोय!" वाल्वची चावी मागितली तर दिली नाही. शर्टाच्या खिशात घातली आणि वरून थोपटली. "वाल्व वेल्डरच्या हातात. बायकामाणसांचं काम नाही."

बायकामाणसांचं! ह्यांचं बेडपॅन कोण उचलतं, ते नाही विचारलं मी. तोंडावर आलं होतं.

लेकीला सांगायचं नाही असं ठरलं. खूप दिवसांनी आम्ही दोघं एका बाजूला.

१० फेब्रुवारी

जाऊन आलो. दुपारचा खेळ, गर्दी नव्हती.

जिना उतरायलाच अर्धा जीव गेला. प्रत्येक वळणावर थांबायचं, आणि थांबलोय ते दमल्यामुळे नाही असं दाखवायला भिंतीच्या रंगाला नावं ठेवायची. थिएटरच्या दारावरच्या माणसाने अडवलं. "गॅसची टाकी आत नेता येणार नाही." मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "बरं, मला बाहेर ठेवा आणि टाकीला आत बसवा. तिकीट काढलंय, कोणीतरी बघायला हवं." तो बिचारा ओशाळला. कडेची खुर्ची स्वतः दाखवून गेला.

आत थिएटरवाल्यांनी थ्रीडीचे चष्मे दिले, तेही लावले. नाकात नळी, डोळ्यांवर ह्यांचा चष्मा, त्याच्यावर तो काळा चष्मा, मांडीशी सिलिंडर. मला हसू आवरेना. पडद्यावरच्या बाईपेक्षा हेच अंतराळवीर दिसत होते.

आणि मग सुरू झालं. काय सांगू! अंधार इतका खोल की खुर्चीचा दांडा घट्ट धरला मी. तो निळा ग्रह हळूहळू वर आला आणि सगळा पडदा भरून गेला. त्याच्या कडेने सूर्य उगवला, नुसती एक रेघ, आणि ती बर्फाची कडी पेटली. काळ्या कापडावर साखर सांडावी तशी. पुढच्या रांगेतली एक बाई मोठ्याने "अगं आई गं" म्हणाली. ह्यांचं तोंड उघडंच. मी निम्मा वेळ ह्यांच्याकडेच बघत होते. चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता. आजारी दिसत नव्हते.

गोष्ट साधी. यान फुटतं, सोबतचे मरतात, ही एकटी उरते. हवा संपत आलेली. दुरून दुसरं यान तिला घ्यायला निघालंय, पण पोचेल की नाही सांगता येत नाही. ती सारखी धावपळ करते, ओरडते, रडते. हे कानात पुटपुटले, "बोलून बोलून हवा संपवतेय. गप्प बस म्हणावं."

अंतराळात आवाज नसतो, म्हणून सिनेमात मधेच सगळं चिडीचूप होई. अशा वेळी संपूर्ण थिएटरात एकच आवाज — आमच्या सिलिंडरचा. सूंऽऽ. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. आता कोणीतरी ओरडणार! तर मागचा माणूस आपल्या बायकोला म्हणतो, "आवाज ऐक, काय सिस्टीम आहे! तिचा श्वास अगदी कानाशी येतोय." हे इतके हसले की खोकल्याची उबळ आली, आणि मी रुमाल ह्यांच्या तोंडाशी धरून बसले.

शेवटी शेवटी ती बाई धडपड थांबवते. यानाच्या तुटक्या कडेवर बसते, पाय खाली सोडून. समोर ती सगळी कडी, चमकणारी. बराच वेळ बसून राहते. शांत. मग तो यांत्रिक हात येतो आणि तिला ओढून आत घेतो. वाचली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. डोळे भरून आले होते.

पुढचं आज लिहवत नाही.

११ फेब्रुवारी

लिहूनच टाकते, नाहीतर झोप यायची नाही.

दिवे लागले. लोक उठले. हे बसूनच. पडद्यावर नावं सरकत होती, मला वाटलं वाचताहेत. मी चष्मे परत करायला दारापर्यंत गेले. परत येऊन बघते तर ओठ निळे. आणि तो सूं आवाज बंद.

सिलिंडर संपला नव्हता. वाल्व बंद होता! चावी ह्यांच्या मुठीत. मूठ उघडेना, मी बोटं ओढून उघडली. उलटी फिरवली, मग सुलटी. आवाज आला तेव्हा माझा श्वास परत आला. ह्यांचा यायला वेळ लागला.

बोलता यायला लागलं तेव्हा म्हणाले, "सवय गं. काम संपलं की आधी वाल्व बंद करायचा. दिवे लागले, हात आपोआप गेला."

खरंच आहे. कामावरून घरी आल्यावर गॅसची शेगडीसुद्धा बंद करायचे हे, वर भाजी अर्धी कच्ची असताना. पण मी विचारलं, "नुसती सवय?"

हे उठायला लागले. घरी आलो. जिन्यात पहिल्या वळणावर टेकले आणि म्हणाले, "ती बसली होती बघत. छान बसली होती. कोणी विचारलं का तिला, की यायचंय का परत?"

मग सगळं बाहेर पडलं. हॉस्पिटलात ह्यांचे हात पलंगाला बांधले होते, नळी उपसतील म्हणून. मला माहीत होतं. पण ह्यांना सगळं कळत होतं, सगळं आठवतंय, ते माहीत नव्हतं. बोलता येत नव्हतं, नाक खाजलं तर खाजवता येत नव्हतं, छताच्या दिव्याखेरीज बघायला काही नव्हतं. "पुन्हा तिथे नको. काहीही झालं तरी नको. घरात मरू दे मला. वचन दे."

मी म्हटलं, आधी वर तर चला.

"वचन दे."

दिलं. जिन्यात उभ्या उभ्या, एका हातात सिलिंडर धरून.

१२ फेब्रुवारी

सुई दोनदा बोटात गेली. अस्तर परत उसवलं.

१५ फेब्रुवारी

खालच्या मजल्यावर नर्सबाई राहतात, त्यांच्याकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. घरी औषध देता येतं, म्हणाल्या, गुदमरल्यासारखं वाटू नये म्हणून. डॉक्टरांशी बोलून त्या आणूनही ठेवतील. "तशी वेळ आली की मला हाक मारा. दुसरं काही करू नका. पण ठरवलंय ना नक्की? ऐन वेळी पाय मागे घेतात माणसं."

नक्की, म्हटलं. छाती ठोकून म्हटलं.

लेकीला हे सांगायची हिंमत नाही. मला म्हणेल, तूच मारलंस बाबांना.

१९ फेब्रुवारी

आज चांगला दिवस. लेकीचा फोन होता आणि ह्यांनी आपणहून सिनेमाचं सांगून टाकलं! ती माझ्यावर उखडली, पण ह्यांनी बोलूच दिलं नाही. ग्रह असा आला, सूर्य तसा उगवला. कडी पडद्याबाहेर येऊन माझ्या गुडघ्याला लागली, म्हणे! लेकसुद्धा हसायला लागली. मी म्हटलं, दगड होते ते. "दगड कुठले, बर्फ! तुझं लक्षच नव्हतं."

खरंय. लक्ष दुसरीकडे होतं.

हात फिरवला माझ्या पाठीवरून. किती वर्षांनी! मी अंग चोरलं नाही.

२३ फेब्रुवारी

खोकला वाढलाय. अंगात कणकण.

२५ फेब्रुवारी

ताप उतरत नाही. लाँड्रीत निरोप पाठवला, येत नाही म्हणून. मऊ भात केला, दोन घास गेले. पाणीसुद्धा चमच्याने. दुपारी हे डोळे उघडून म्हणाले, "ठरलंय ना आपलं?"

हो म्हटलं. नर्सबाई वर येऊन बघून गेल्या. औषध फ्रिजमध्ये ठेवलंय. दूध काढायला दार उघडलं की समोर तेच दिसतं, म्हणून दिवसभर बिनदुधाचा चहा प्यायले.

मला भीती वाटते. ह्यांच्या मरणाची नाही — म्हणजे त्याचीही. पण ह्यांच्यानंतर हे घर किती शांत होईल, त्याची जास्त. जन्मभर या माणसाशी भांडले. आता भांडू कोणाशी?

२८ फेब्रुवारी

फोन मीच केला. काल सकाळी ह्यांचे डोळे फिरले, छाती भात्यासारखी उडायला लागली, आणि नर्सबाईंना हाक मारायची ती मी मारलीच नाही. अँब्युलन्स बोलावली. स्ट्रेचरवर घालताना ह्यांनी माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही म्हणून. मला कळलं. हात सोडवून घेतला मी.

जिवंत आहेत. घशात नळी, हात पलंगाला बांधलेले. लेक आलीय. "बरं केलंस, आई," म्हणते. मी समोर जाऊन उभी राहिले की हे डोळे मिटतात. बाजूला झाले की उघडतात.

मिटू देत. पुन्हा तशी वेळ आली तरी मी फोनच करणार.