पाटावरची निळी पोथी

सौंसर,
दसऱ्याचा दुसरा दिवस, १९५८

प्रिय प्रभाकर,

तुझं पत्र पोळ्याच्या आधीच मिळालं होतं. उत्तराला दसरा उजाडला, रागावू नकोस. नैरोबीच्या रेल्वे कचेरीत माझी जागा अजून रिकामी आहे, साहेब विचारतो, सरळ निघून ये, असं तू लिहिलंस. वाचलं, तुझं बोलावणं मायच्या कानावर घातलं आणि पत्र देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं. हल्ली माझं असंच चाललंय. राग येत नाही, रडू येत नाही. दात काढल्यावर गाल जसा बधिर होतो ना, तसं सगळं अंग झालंय. तुझी वहिनी विजयमाला ताटात काय वाढते तेही कळत नाही.

आमदारकी गेली ती श्रावणात. हा माणूस हिंदुस्थानचा नागरिकच नाही, सबब याची निवडणूक रद्द, असा निकाल. मी कोर्टाबाहेर आलो, टपरीवर पान खाल्लं, आणि मग आठवलं की भोपाळची खोली रिकामी करायची आहे.

तुला नैरोबीतली ती दुपार आठवत असेल. आपण दोघांनी एकाच टेबलावर सही केली होती. इंग्रजांचे नागरिक म्हणून नाव नोंदवा, मग बढतीला आडकाठी नाही, असं हेडक्लार्क म्हणाला. आपल्याला तो नोकरीचाच एखादा कागद वाटला. जुन्याच्या जागी इंग्रजांचा निळा पासपोर्ट मिळाला, तोही तसाच घेतला. देश बदलायला कोण गेलं होतं बे? आणि इकडे येऊन पाहतो तर काय, मी संत्र्याच्या झाडाखाली बसल्या बसल्या राज्यच बदललं. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आणि आम्ही मराठी बोलणारे सौंसर-पांढुर्णावाले राहिलो भोपाळच्या वाट्याला. आमच्या पोरांची मराठी शाळा टिकावी एवढ्यासाठी मी उभा राहिलो. लोकांनी निवडून दिलं. विधानसभेत पहिल्यांदा बोललो तेव्हा माझी हिंदी ऐकून सगळे हसले, पण शाळेचं म्हणणं ऐकून घेतलं. तेवढीच माझी कमाई.

आता जे कोणाला सांगितलं नाही ते तुला सांगतो. आपल्याकडे दसऱ्याला ज्यावर पोट चालतं ते पाटावर मांडून पुजतात. आमच्याकडे वखर, विळा, तराजू मांडतात. माझी माय, केसरबाई, तुला माहीत आहे, अक्षरशत्रू. तिला एवढंच ठाऊक की ज्या निळ्या पुस्तकावर पोरगा आफ्रिकेत गेला, त्याच्या मनीऑर्डरीवर बगीचा उभा राहिला. ती पासपोर्टाला निळी पोथी म्हणते. मी परत आल्यापासून दर दसऱ्याला ती पोथी वखराशेजारी मांडायची, कुंकू लावायची. मी हसायचो.

पांढुर्ण्याचे भैय्याजी, कापसाचे व्यापारी. वडिलांपासूनचा घरोबा, दर दसऱ्याला सोनं द्यायला येतात, मायच्या पाया पडतात. निवडणुकीच्या आधीच्या दसऱ्याला मायनं त्यांना मोठ्या कौतुकानं पोथी दाखवली. त्यांनी ती कपाळाला लावली, उघडून वाचली आणि जागच्या जागी ठेवली. पुढे तेच माझ्याविरुद्ध उभे राहिले, पडले, आणि कोर्टात गेले. त्यांचा वकील म्हणाला, साहेब, हे गृहस्थ नुसता परदेशाचा पासपोर्ट बाळगत नाहीत, त्याची पूजा करतात. सगळे खो खो हसले. मीही हसलो असेन.

मायला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं विजयमालानं आणि मी ठरवलं होतं. आपल्याच हातच्या कुंकवानं पोराचं वाटोळं झालं हे कळलं असतं तर तिनं अन्न सोडलं असतं. मतांची मोजणी चुकली, असं सांगितलं. कोर्टातून पासपोर्ट परत आला तो ट्रंकेच्या तळाशी घातला.

काल सकाळी पाहतो तर पोथी पाटावर, वखराच्याही पुढे. आणि भैय्याजी नेहमीसारखे दारात. मी जागचा हललो नाही. ते वाकले. मायनं त्यांच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणाली, अगदी दरवर्षीच्या आवाजात. भैय्याजींची नजर पाटावर गेली आणि त्यांनी मान वर केली नाही. चहा न घेता गेले.

मी म्हटलं, माय, आज ती कशाला काढली? तर म्हणते, "पाहू दे त्याले. आता लपवाचं काय राह्यलं? मले सारं मालूम हाय." बाजारातल्या बायांनी केव्हाच सांगितलं होतं. सगळा श्रावण-भादवा ती माझ्यासमोर काही माहीत नसल्यासारखी जेवून राहिली होती. मग म्हणाली, "प्रभाकरले लिहून टाक. तिकडं जाय तू. इथं तुले कोनी आपला म्हनत नाई." आणि वाती वळायला बसली. एवढ्या वर्षांनी घरी आलेलं पोर ती स्वतःच्या तोंडानं परत पाठवत होती. तेव्हा कुठे माझ्या बधिर गालात कळ आली, प्रभाकर. तिथंच पाटाजवळ बसून रडलो.

तिनं सांगितलं म्हणून लिहितो आहे, पण तिनं सांगितलं ते लिहीत नाही. मी येणार नाही. वकील म्हणतात, आधी तिकडचं सोडा, मग इकडचं मागा, मिळेल तेव्हा मिळेल. तोवर मी कुठलाच नाही, पण राहीन सौंसरलाच. सोबत पासपोर्ट पाठवतो आहे, इंग्रजांचं नागरिकत्व सोडत असल्याचा कागद सही करून आत ठेवलाय. माझ्यासाठी एवढं कर, आपण नाव नोंदवलं त्या सरकारी कचेरीत जाऊन दे. पाकीट उघडशील तेव्हा बोटाला कुंकू लागेल, कालचंच आहे. ते पुसू नकोस. तसंच त्यांच्या टेबलावर ठेव.

तुझाच,
गुणवंता