तीनदा विसळलेल्या बाटल्या

ती. आई,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो.

तुझ्याच आजारावर औषध शोधतात, तिथे मी बाटल्या धुतो. इथल्या प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई सांगतात, कॅन्सरच्या पेशीत दोन प्रथिनं हातमिळवणी करून 'वाढा' असा हुकूम सोडतात. यांचं औषध त्या दोघांमधे पाचर मारतं.

गेल्या महिन्यात औषधाने सगळ्या पेशी मेल्या. सगळे खूश, मी मात्र नाही. तीनदा विसळायच्या बाटल्या मी घाईत एकदाच विसळल्या होत्या. नोकरी जाईल म्हणून दोन दिवस गप्प बसलो, मग सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही तुझ्या साबणाचे पेढे वाटणार होतो. जा, नीट धुऊन आण."

काल स्वच्छ बाटल्यांत पुन्हा प्रयोग केला. औषध घातलेल्या निम्म्या पेशी मेल्या, बिनऔषधाच्या सगळ्या जिवंत. निम्म्याच, पण खऱ्या.

औषध तुझ्यापर्यंत यायला वर्षं लागतील, खोटं सांगत नाही. तोवर तुला टिकायचंय. ताई म्हणते, तू दोनदा इस्पितळ टाळलंस. खरं का? मी एक बाटली चुकवत नाही, तू एक फेरी चुकवू नकोस.

घरी कधी साधा पेला न विसळणारा,
तुझा धाकटा