न विचारता सांगितलेली गोष्ट

विश्रांतवाडी, पुणे
रविवार

प्रिय प्रज्ञेश,

सप्रेम जय भीम.

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तू घाबरशील, म्हणून पहिल्यांदा सांगते, घरी सगळे बरे आहेत. फोन असताना आई पत्र का लिहिते, असं तुला वाटेल. बाबांनीही तेच विचारलं. मी म्हटलं, फोनवर मी "जेवलास का"च्या पुढे जात नाही आणि तो "हो"च्या पुढे जात नाही. काही मोठं सांगायचं असेल तर कागदच बरा. बाबा हसले. आज त्यांची सुट्टी आहे, तरी सवयीने पहाटे उठून बसचा खाकी शर्ट इस्त्री करून ठेवलाय.

पूर्वा आता सातवीत आहे. उंचीने माझ्या खांद्याला लागली आणि बोलण्यात कधीच पुढे गेली. जूनपासून तिने एकच धोशा लावला होता, "आई, अख्ख्या वर्गात फक्त माझ्याकडे फोन नाही." हे म्हणताना चेहरा असा करायची, की मी दोनदा जवळजवळ हो म्हणाले होते. मग एक दिवस शाळेच्या फाटकाशी मुली सुटायची वाट बघत आम्ही पाच-सहा आया उभ्या होतो. तिच्या मैत्रिणीची आई कादंबरी मला म्हणाली, "तुम्ही पूर्वाला कुठला फोन घेतलात हो?" मी म्हटलं, घेतलाच नाही. "अहो, पण आमची तर म्हणते, पूर्वाकडे आहे, फक्त माझ्याकडेच नाही!" बाजूची तिसरी म्हणाली, आमच्याकडेही हेच चालू आहे. चौथीकडेही तेच. शब्दसुद्धा तेच रे! आम्ही फाटकाशी उभ्या राहून इतक्या हसलो, की वॉचमन बघायला लागला.

कादंबरी खराडीला आयटीत आहे. तिला कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नाही. तिने आठवड्याभरात वर्गातल्या बेचाळीसही घरी विचारलं. स्वतःचा स्मार्टफोन असलेली मुलं निघाली नऊ. फक्त नऊ! उरलेल्या तेहतीस घरांतले आम्ही सगळे, आपलंच मूल एकटं पडेल या भीतीने, दुकानात जायच्या बेतात होतो. कादंबरीचं म्हणणं साधं होतं. एकाने नाही म्हटलं तर त्याचं मूल एकटं पडतं, सगळ्यांनी मिळून म्हटलं तर कुणीच पडत नाही. दहावी होईपर्यंत मुलांना स्वतःचा स्मार्टफोन द्यायचा नाही, बोलण्यापुरता बटणांचा फोन द्यायचा, शाळेचं काही आलं तर ते आई-वडिलांच्या फोनवर, बाहेरच्या खोलीत बसून बघायचं. एवढं लिहून सगळ्यांनी खाली सह्या करायच्या.

मागच्या रविवारी सकाळी धानोरीत तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सभा ठेवली. पंचवीस-तीस जण येतील म्हणून खुर्च्या मांडल्या होत्या, सत्तरएक माणसं आली. एका मुलीचे आजोबा, रंगनाथकाका, अध्यक्ष. अस्सल पेठेतले, धानोरीत राहायला येऊन पंधरा वर्षं झाली तरी पेठेतलेच. एक गृहस्थ उशिरा आले आणि म्हणाले, फोन नसेल तर मुलं जगाच्या मागे पडतील. काका म्हणाले, "आपल्याकडे फोन आहे ना? तरी आपण वीस मिनिटं मागे पडलात. बसा." सगळा हॉल हसला. मला वाटलं, झालं, आता सह्या होणार.

पण तसं झालं नाही. वाघोलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले सुदर्शन म्हणून आहेत, ते उभे राहिले. त्यांच्या मुलाकडे, सूरजकडे, पाचवीपासून फोन आहे. माणूस वाईट नाही, पण आवाज मोठा. म्हणाले, "माझा पोरगा शहाणा आहे, त्याला कशाला शिक्षा? ज्यांची पोरं फोनपायी बिघडतात ना, त्यांच्या घरातच काहीतरी कमी असतं." मग मागच्या रांगेतले दोघे-तिघे उठले. "विचार करून कळवतो" म्हणत एकजण दाराकडे निघाला. कादंबरी एकही सही नसलेला कागद हातात घेऊन तशीच उभी.

प्रज्ञेश, मी कधी सभेत बोललेली नाही हे तुला माहीत आहे. विहारात बुद्धवंदनेनंतर दोन शब्द बोला म्हटलं तरी मी खांबाआड जाते. पण "घरात काहीतरी कमी असतं" हे माझ्याच्याने ऐकवलं नाही. मी उठले आणि म्हटलं, "आमच्या घरात काहीच कमी नव्हतं."

आणि मग मी सांगितलं. लॉकडाउनमध्ये शाळा फोनवर भरायला लागली, तेव्हा तू सातवीत होतास. तुझ्या हातात नवा फोन देताना बाबांनी तुझा फोटो काढला होता, इतका अभिमान वाटला होता आम्हाला. शाळा पुन्हा सुरू झाली, पण फोन काही आमच्या हातात परत आला नाही. आठवीत तू कबड्डी सोडलीस. नववीत सहामाहीला चार विषय गेले. जेवताना मान वर होत नव्हती. आणि त्या डिसेंबरात एका दुपारी मी तुझ्या हातातून फोन ओढला, तू मला ढकललंस, मी कपाटाच्या कोपऱ्यावर पडले आणि मनगट मोडलं. जिथे मी रोज लोकांना पट्ट्या बांधते त्या दवाखान्यात, आजोळी, शेजारी, सगळीकडे आपण सांगितलं, आई बाथरूममध्ये घसरली. तीन वर्षं तेच सांगत आलो. तू आणि मीसुद्धा एकमेकांशी कधी दुसरं काही बोललो नाही.

एवढ्यावर मी बसले नाही, कारण खरी गोष्ट तर पुढेच होती. मी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी या मुलाने स्वतःहून फोन वडिलांच्या हातात दिला आणि म्हणाला, "बाबा, मी मागितला तरी देऊ नका." त्याने तो मागितलाही. पहिल्या पंधरवड्यात तीनदा मागितला, गच्चीत येरझाऱ्या घातल्या, रडला. बाबांनी दिला नाही आणि चौथ्यांदा त्याने मागितला नाही. माझा हात प्लास्टरमध्ये होता ते सहा आठवडे तो लवकर उठून कणीक मळायचा, धाकट्या बहिणीच्या वेण्या घालायचा. पहिल्या दिवशी एक वेणी कानावर, एक मानेवर. बाईंनी विचारलं, कुणी घातल्या? पोरगी ऐटीत म्हणाली, दादाने. दहावीपर्यंत तो बटणांच्या फोनवर राहिला. वर्गातल्या मुलांनी चिडवलं, त्याने चिडवू दिलं. पुन्हा मैदानावर गेला. दहावीला चौऱ्याहत्तर टक्के मिळाले आणि आज संभाजीनगरला सिव्हिलच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, "माझा मुलगा तेव्हाही शहाणाच होता. पण चौदा वर्षांच्या मुलाला जे एकट्याने करावं लागलं, ते आपण सत्तर मोठी माणसं मिळून करू शकत नाही का?"

खाली बसले तेव्हा दाराकडे निघालेला माणूस परत येऊन बसला होता. रंगनाथकाकांनी चष्मा काढून पुसला आणि एकही टोमणा न मारता कागदावर पहिली सही केली. थोड्या वेळाने सुदर्शन माझ्याजवळ आले. "ताई, मी बोलायला नको होतं," म्हणाले. मग हळूच, "सूरज आमच्याशी दोन-दोन दिवस बोलत नाही. शहाणा आहे म्हणून गप्प असतो, असं मी बायकोला समजावतो." त्यांनीही सही केली. त्या दिवशी छत्तीस घरांच्या सह्या झाल्या. ज्या नऊ मुलांकडे फोन होते, त्यांतल्या पाच जणांचे आई-वडील त्यात आहेत. परवा सहावीच्या पालकांनी आमचा कागद मागून नेला.

पूर्वा मैत्रिणींबरोबर मागे उभी होती, हे मला नंतर कळलं. घरी आल्यावर चपला काढताना तिने विचारलं, "म्हणून दादा माझ्या वेण्या घालायचा?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "मला दहावीपर्यंत नको फोन. पण हे मी ठरवलंय, तुम्ही नाही." अगदी तुझी बहीण आहे.

आता हे पत्र कशासाठी, ते. जी गोष्ट तुझी होती, ती मी तुला न विचारता सत्तर माणसांसमोर सांगितली. पुढच्या आठवड्यात तू घरी येशील तेव्हा रस्त्यात कुणी तुझ्या पाठीवर हात ठेवेल, कुणी नुसतं बघेल. ते बाहेरून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. तुला राग आला तर तो रास्तच आहे, मी ऐकून घेईन. पण एक तू ऐकून घे. तुझ्या ढकलण्याला त्या हॉलमध्ये मी एक वाक्य दिलं आणि त्यानंतर तू जे केलंस, त्याला दहा मिनिटं. माझ्या मनातही हिशेब तसाच आहे, पहिल्या दिवसापासून. तुला कधी बोलून दाखवला नाही, ही चूक माझी. सहावीचे पालक विचारतायत, तो मुलगा येऊन आमच्या मुलांशी बोलेल का? मी त्यांना सांगितलं, त्याच्या वतीने मी उत्तर देणार नाही. एकदा न विचारता बोलले. या वेळी विचारते आहे, आणि तू नाही म्हणालास तरी मी त्यांना तेवढ्याच ताठ मानेने सांगेन, माझा मुलगा नाही म्हणाला.

तुझीच, तुझा फार अभिमान असलेली,
आई